दीड इंची लाइन

नरहरी कापगतेला कशातलं कळतं असं भिलाईत कोणालाही विचारलं असतं, तर एकच उत्तर मिळालं असतं: लाइनीतलं. लाइन म्हणजे रेल्वेची नव्हे, राशन दुकानापुढची तर नव्हेच. प्लांटात कोक ओव्हनकडून भट्ट्यांकडे डोक्यावरून ज्या गॅसच्या नळ्या धावतात, कुठं माणूस आतून चालत जाईल एवढ्या, कुठं मनगटाएवढ्या, त्या लाइनी. साकोलीकडच्या एका खेड्यातून हा पोरगा खलाशी, म्हणजे फिटरच्या हाताखालचा गडी, म्हणून भरती झाला तेव्हा त्याला पाना कोणत्या बाजूनं धरायचा तेही ठाऊक नव्हतं. नव्वदनंतरच्या वर्षांत, ही गोष्ट घडली तेव्हा, तो सीनियर फिटर होता आणि प्रेशरच्या घड्याळाचा काटा पाहून पुढं काय बिनसलं असेल ते सांगायचा. साहेब लोकसुद्धा म्हणायचे, कापगते को बुलाओ.

तर असा हा कळणारा माणूस. आणि ह्या कळण्यानंच त्याचा घात केला. काहीच कळत नसतं तर बरं झालं असतं हो! निदान चार जणांना विचारत तरी फिरला असता.

त्याची बायको वच्छला. मूलबाळ नव्हतं. आधी काही वर्षं दोघांनी वाट पाहिली, देवधर्म केला, मग त्यावर बोलणंच सोडून दिलं. सेक्टरमधलं वरच्या मजल्यावरचं क्वार्टर, दोन खोल्या, खिडकीत तुळस आणि दोघंच दोघं. नरहरी ड्यूटीवरून आला की सायकलची घंटी वाजवायचा आणि ती वरून दाराची कडी काढायची. नवराबायकोत लाडीगोडी वगैरे काही नव्हती. पण तो नसला की ती जेवायची नाही, आणि ती माहेरी गेली की हा कँटीनचे समोसे खाऊन झोपायचा.

दम आधी जिन्यावर लागायला लागला. भाजीची थैली घेऊन वर येताना वच्छला मधल्या वळणावर टेकायची. मग खालच्या मजल्यावरच्या मैनाबाईच्या दाराशी टेकायला लागली. मैनाबाई मूळची तुमसरची, जिभेची फटकळ, पण मनानं साफ.

"अवं, रक्त कमी आहे तुयं," मैनाबाई म्हणायची. "गूळ-फुटाणे खात जाय. आन् त्या नरहरीले सांग, पाणी त्यानं भरावं."

गूळ-फुटाणे झाले, लोहाच्या गोळ्या झाल्या. पायांवर सूज आली. एका रविवारी पॉवर हाउस भागातल्या बाजारात वच्छला वांगी निवडता निवडता खाली बसली ती उठेचना. डोळ्यांपुढं अंधारी आली होती. तेव्हा कुठं नरहरीनं तिला प्लांटच्या हॉस्पिटलात नेलं. तिथं छातीच्या डॉक्टर होत्या, बंगाली बाई, सगळे त्यांना नुसतं मॅडम म्हणत. एक्स-रे झाला, छातीला तारा लावून पट्टी निघाली, आणि मॅडम म्हणाल्या, "प्रेशर बढ़ा हुआ लगता है।"

वच्छला म्हणाली, "बीपी त माया बराबर आहे, मॅडम. डिस्पेन्सरीत आत्ताच पाह्यला."

"वो हाथवाला बीपी नहीं। दिल से फेफड़े में जो नस जाती है, उसके अंदर का प्रेशर। वो अलग होता है।"

प्रेशर म्हटल्याबरोबर नरहरी खुर्चीत सरसावून बसला. इतका वेळ तो भिंतीवरच्या तक्त्याकडं पाहत होता, आता हा त्याचा विषय आला होता. मॅडमनी सांगितलं की नागपूरला कॉम्प्युटरवाली स्कॅनची मशीन आहे. छातीच्या आतले काप काढल्यासारखे फोटो निघतात. ती मुख्य नस किती चौडी आहे ते कॉम्प्युटर मोजून देतो, आणि आत कुठं जुनी गुठळी अडकली आहे का तेही दिसतं. तो फोटो घेऊन सरळ माझ्याकडे या, मॅडमनी दोनदा बजावलं. "और तब तक सीढ़ियाँ कम। बिल्कुल कम।"

घरी येताना वच्छला रिक्षात एकदम म्हणाली, "मॅडम घाबरल्यावानी दिसत होत्या, नाई?"

"अवं, बंगाली आहेत त्या. त्यायचं तोंडच तसं," नरहरी म्हणाला. त्यालाही भीती वाटलीच होती. रात्रभर त्याचा डोळा लागला नाही हे तिलाही समजलं, पण दोघांनी एकमेकांना कळू दिलं नाही.

नागपूरच्या त्या सेंटरमध्ये वच्छलाला एका मोठ्या कड्याच्या आत सरकणाऱ्या फळीवर झोपवलं. हातात रंगाचं इंजेक्शन दिलं. तिला अंगभर ऊन ऊन वाटलं आणि तिनं बजरंगबलीचं नाव घेतलं. नरहरी काचेच्या अलीकडे उभा. खरं तर तिथं उभं राहायची मनाई होती, पण मशीन चालवणारा पोरगा राजनांदगावचा निघाला. भिलाईचा माणूस म्हटल्यावर त्यानं काही हाकललं नाही.

पडद्यावर काळ्यापांढऱ्या चकत्या सरकत होत्या. एका चकतीवर पोरगा थांबला. त्यानं एका पांढऱ्या नळीच्या एका काठावर बारीकशी फुली ठेवली, दुसऱ्या काठावर दुसरी ठेवली. कॉम्प्युटरनं मध्ये रेघ ओढली आणि बाजूला आकडा आला. नरहरीला हे फार आवडलं. आपण कॅलिपर लावतो तसंच की हे! फक्त माणूस न उघडता.

"ये वही मेन नस है, भैया?"

"हाँ।"

"कितनी है?"

"इकतालीस मिलीमीटर।"

"आम आदमी की कितनी रहती है?"

"यही अट्ठाईस, तीस तक।"

"मतलब इसकी चौड़ी है?"

"काफ़ी चौड़ी है," पोरगा म्हणाला. त्याचा आवाज जरा खाली आला होता, पण ते ऐकायला नरहरी तिथं होताच कुठं? "डॉक्टर को दिखा देना, हाँ? देर मत करना।" आणि तो पुढच्या पेशंटचं नाव पुकारायला गेला.

नरहरीनं मनातल्या मनात इंच केले. दीड इंचाच्याही वर! लोकांची एक इंची, हिची दीड इंची. आता प्लांटातला कोणताही खलाशी सांगेल, लाइनीत प्रेशर वाढलं तर काय करायचं? बारीक लाइन काढायची, चौडी टाकायची. काटा आपोआप खाली येतो. आयुष्यभर त्यानं हेच केलं होतं. इथं तर देवानंच आधीच चौडी टाकून दिली होती! म्हणजे प्रेशर उतरणार. आज ना उद्या उतरणारच. त्याच्या छातीवरचा धोंडा असा काही उतरला की बाहेर येऊन त्यानं आधी दोन कप चहा सांगितला, एक स्वतःला आणि एक शेजारी बसलेल्या अनोळखी म्हाताऱ्याला.

अरे बाबा, विचारायचं न एकदा! त्या पोराला मागं ओढून विचारायचं, की चौडी असणं चांगलं की वाईट? एवढं एक वाक्य. पण ज्याला उत्तर आधीच माहीत असतं तो कशाला विचारतो?

परतीच्या गाडीत त्यानं वच्छलाला अंगठा आणि बोट जोडून गोल करून दाखवला. "एवढी असते लोकायची. आन् तुयी एवढी. दीड इंची लाइन आहे तुयी!"

"मंग मले दम कावून लागते?"

"प्रेशर उतरून राह्यलं न आता. एकदम थोडीच उतरते? लाइन भरलेली असते, टाइम लागते तिले."

तिला पटलं. तिला त्याचं लाइनीतलं नेहमीच पटायचं, कारण तिथं तो कधी चुकल्याचं तिनं ऐकलं नव्हतं. डोंगरगड आलं तेव्हा खिडकीतून बमलेश्वरी देवीची टेकडी दिसली. वच्छलानं पदर डोक्यावर घेऊन हात जोडले. पाय सुजायला लागले तेव्हापासून तिचा नवस होता, की दम गेला तर नवरात्रात पायी वर येईन, हातानं नारळ वाहीन. ती खिडकीशी बराच वेळ हसत बसली. कितीतरी महिन्यांनी हसली असेल.

भिलाईत येऊन नरहरी फोटोंचं मोठं पाकीट घेऊन हॉस्पिटलात गेला. खिडकीवरच्या सिस्टरनं सांगितलं की मॅडमची आई कलकत्त्याला सीरियस आहे, मॅडम सुट्टीवर गेल्या, दसऱ्यानंतर येतील. "दूसरे डॉक्टर साहब बैठे हैं, उनको दिखा दो।"

"नहीं सिस्टर, कोई जल्दी नहीं है," नरहरी म्हणाला. "रिपोर्ट अच्छा है। मैंने खुद देखा।"

पाकीट कपाटावर गेलं. कॉलनीत ही बातमी अशी फिरली की विचारू नका. मैनाबाई जिन्यात हाक मारायची, "काय वं दीड इंची, भाजी आणली का?" वच्छला लाजायची. नळावर बायका तिला पुढं जाऊ द्यायच्या. दम काही कमी झाला नव्हता, उलट रात्री ती आता दोन उशा घ्यायला लागली होती. पण नरहरी म्हणायचा, उतरून राह्यलं, उतरून राह्यलं. आणि माणसाचं मन असं आहे की तिला खरोखर एकदोन दिवस बरं वाटलंसुद्धा.

नवरात्र आलं. डोंगरगडची गाडी माणसांनी ओसंडत होती. पायथ्याशी खाली एक लहान मंदिर आहे, धाकटी बमलेश्वरी. ज्यांना वर चढवत नाही ते तिथंच पूजा करून परततात, त्यात कोणाला काही कमीपणा वाटत नाही. वच्छलानं टेकडीकडं मान वर करून पाहिलं. माणसांची रांग दगडी पायऱ्यांवरून वर वर चालली होती.

"अवो, खालीच नारळ फोडू," ती म्हणाली. "देवी काय वरचीच खरी आहे का?"

आणि नरहरी, तिचा नरहरी, तिच्यासाठी जीव टाकणारा, हसून म्हणाला, "दीड इंची लाइन घेऊन खालून वापस जातं का? नवस तुयाच आहे न? हळूहळू चढू. मी आहो न सोबत."

ती चढली. तिनं त्याचा हात धरला होता. आधी ती चार पायऱ्या चढून थांबायची, मग दोन चढून थांबायला लागली. बोलणं बंद झालं. एका दुकानदारानं बसायला खोकं दिलं आणि म्हणाला, "बाई ला उतार ले जा भइया, एकर ओंठ देख।" नरहरीनं पाहिलं. ओठ जांभळे पडले होते. त्याला वाटलं, ऊन लागलं. त्यानं पाणी पाजलं, पदरानं वारा घातला आणि म्हणाला, "झालंच वं आता. घंटा ऐकू येऊन राह्यली, पाह्य."

वच्छला उठली. त्याच्यासाठी उठली, देवीसाठी नाही. घंटा खरंच ऐकू येत होती. ती अजून एक वळण चढली आणि त्याच्या हातातून तिचा हात निसटला.

वर ती पोचलीच नाही. अनोळखी पोरांनी तिला चादरीच्या झोळीत घालून खाली आणलं, कोणीतरी जीप केली, आणि भिलाईच्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत नरहरी तिच्या छातीवर हात ठेवून बसला होता. आत हृदय कसं धडधडतंय ते त्याला तळहाताला लागत होतं. ती धडधड त्याला अगदी ओळखीची वाटत होती आणि ओळखीची का वाटते ते आठवायला त्याचं मन तयार नव्हतं.

मॅडम परत आल्या तेव्हा वच्छला वॉर्डात होती, नाकाला ऑक्सिजन लावून. मॅडमनी नरहरीला खोलीत बोलावलं. त्यांची आई गेली होती, चेहरा उतरला होता. त्यांनी नरहरीनं घरून आणलेल्या पाकिटातले फोटो काढून उजेडाच्या पेटीवर एकेक करून लावले.

"ये कब का है?"

नरहरीनं सांगितलं.

"और आपने किसी को दिखाया नहीं?"

"चौड़ी थी न, मॅडम," नरहरी म्हणाला. "दीड इंची. मुझे लगा प्रेशर उतरेगा."

मॅडमनी त्याच्याकडं वळून पाहिलं. त्या रागावल्या असत्या तर त्याला सोसलं असतं. त्यांनी पेन्सिलीचं टोक फोटोवर ठेवलं. शेजारी शेजारी दोन गोल होते. एक साऱ्या शरीराला रक्त नेणारी नळी, दुसरी फुफ्फुसाला नेणारी. धडधाकट माणसात पहिली मोठी असते किंवा दोन्ही सारख्या. इथं दुसरी मोठी होती, पहिलीला कोपऱ्यात ढकलून बसलेली. मग पेन्सिल बाहेरच्या काठाकडं गेली. तिथं बारीक बारीक फांद्या भरगच्च दिसायला हव्यात. इथं त्या मध्येच तुटल्यासारख्या संपत होत्या. गुठळी कुठं नाही. बारीक नसाच हळूहळू बंद होत चालल्या आहेत, मॅडम म्हणाल्या, आणि असं का होतं ते आम्हालाही नीट कळत नाही.

"आगे जाम है, कापगते। पीछे दिल ज़ोर लगा रहा है। इसलिए ये नस चौड़ी नहीं हुई, फूल गई है।"

पुढं जाम, मागं प्रेशर. हे तर त्याला अंधारातसुद्धा कळलं असतं! दर शिफ्टला तो हेच सांगायचा पोरांना. जीपमध्ये तळहाताला जे लागत होतं ते हेच होतं: पुढचा व्हॉल्व्ह बंद आणि मागून पंप चालूच.

"हमारी लाइन तो फूलती नहीं, मॅडम।"

"लोहा नहीं फूलता," मॅडम हळूच म्हणाल्या. "ये लोहा नहीं है।"

"लाइन बदल सकते हैं?"

"नहीं।"

"वो चढ़ी, उससे..."

मॅडम खोटं बोलल्या नाहीत. "उससे नुकसान हुआ है। दिल बहुत थक गया है। लेकिन बीमारी आपकी वजह से नहीं है, ये समझिए।" पुढंही त्या काही सांगत होत्या, गोळ्यांचं, ऑक्सिजनचं, गर्मी तक शायद ही, असं काहीतरी. नरहरीनं पहिलं वाक्य ऐकलं होतं. त्याच्या पुढचं त्याच्या कानात शिरलंच नाही. कपाळावर हात मारून घ्यावा, भिंतीवर डोकं आपटावं, मॅडमचे पाय धरावे, ह्यातलं काही त्याच्यानं झालं नाही. त्यानं फोटो आपल्या हातानं पाकिटात घातले, कडा जुळवून.

वॉर्डाच्या दारापर्यंत त्यानं ठरवलं होतं की सांगायचं. आजवर तिच्याशी तो कधी खोटं बोलला नव्हता. पगार, बाटली, जुगार, सगळं तोंडावर कबूल करून टाकायचा. हेही सांगायचं: वच्छला, मी चुकलो. मले वाटलं ते उलटं होतं. तुले मी हातानं धरून वर नेलं.

वच्छला उशांना टेकून बसली होती. मैनाबाई डबा घेऊन आली होती. शेजारच्या खाटेवर एक छत्तीसगढी म्हातारी होती, दम्याची, रडत होती. वच्छला तिला तुटक तुटक, श्वास घेत घेत सांगत होती, "घबराना नहीं, माई. मेरे को देख. मशीन पे नापा मेरा. डेढ़ इंची है. हमारे ये खुद देखे."

मग तिला नरहरी दिसला. "मॅडम काय म्हणल्या?"

मैनाबाईनंही मान वळवली. नरहरीच्या हातात पाकीट होतं.

"पाह्यला फोटो मॅडमनं?" वच्छलानं पुन्हा विचारलं. "चौडी आहे न?"

"हाव," नरहरी म्हणाला. "चौडी आहे."

"किती म्हणल्या?"

"दीड इंचीच्या वर."

तिनं डोळे मिटून उशीवर मान टाकली. चेहऱ्यावरचा ताण सगळा गेला. म्हातारीकडं वळून, बघ, मी म्हटलं नव्हतं का, अशी तिनं नुसती मान हलवली. बोलायला तेवढा वारा छातीत नव्हता. जरा वेळानं तिनं हात पुढं केला. नरहरीनं तो हातात घेतला. नखंसुद्धा जांभळी झाली होती.

"तुमाले लाइनीतलं समजते म्हणून बरं झालं बाप्पा," वच्छला म्हणाली. "नाई त मी भेवानंच मेली असती."